नाटकाच्या पडद्यामागचा धंदा

"पोरगा नाटकात लाइट लावतो," असे एखाद्या बापाने सांगितले की ऐकणारा विचारतो, "ते ठीक आहे, पण कामाला कुठे आहे?" विचारणाऱ्याचा यात दोष नाही. काम कशाला म्हणावे हे आपल्या मांजरीत दोन-तीन पिढ्यांपासून ठरून गेले आहे. आधी काम म्हणजे शेत आणि बागाईत. मग हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतला भोंगा, हजेरीचे कार्ड आणि ठरल्या तारखेचा पगार. आता मगरपट्ट्यातली काचेची कचेरी. यांपैकी कशातच न बसणारे काम दिसले की त्याला आपण 'हौस' म्हणून मोकळे होतो. पडद्यामागे राबणाऱ्या माणसांचे जेवढे नुकसान या एका शब्दाने केले तेवढे मालकांनीही केले नसेल. म्हणूनच व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हा सांगितला.

कामगार संघटनेचा माणूस नाटकावर काय बोलणार, अशी शंका काहींच्या चेहऱ्यावर दिसते. ती रास्त आहे. आमचे आयुष्य गेटसभा, मागणीपत्रे आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्या यांत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही वाचले ते वाचनालयातून आणून, पाळी संपल्यावर. परंतु महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांमुळे कारखान्यातली पुष्कळ माणसे रंगमंचावर आली, तशी आम्हांलाही विंगेत उभे राहून हातोडी धरण्याची संधी मिळाली. तेथे एक गोष्ट ध्यानात आली. पुढे उभा राहणारा माणूस टाळ्या घेऊन घरी जातो आणि मागचा माणूस सगळे सामान टेम्पोत भरून रात्री दोनला घरी जातो. त्याच्या कामाला काय म्हणावे, त्याचा दर काय आणि तो पडला तर जबाबदार कोण, या प्रश्नांचे उत्तर कोणाकडेच नसते. आमचे म्हणणे असे की हे काम सुतारकीसारखे, वायरमनच्या कामासारखे शिकता येते, मोजता येते आणि त्यावर संसार करता येतो. मात्र तो धंदा म्हणून केला पाहिजे.

प्रथम काम आहे तरी काय ते पाहू. हडपसरच्या विठ्ठलराव तुपे पाटील नाट्यगृहात किंवा पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात संध्याकाळचा प्रयोग आहे असे धरा. दुपारचा प्रयोग संपून रंगमंच रिकामा होईपर्यंत नव्या नाटकाचा टेम्पो मागच्या दारी उभा असतो. हाती वेळ तासा-दीड तासाचा. तेवढ्यात एका रिकाम्या चौकात दिवाणखाना उभा करायचा. भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लाय मारलेले फ्लॅट. त्यांना मागून तिरके टेकू आणि टेकूंच्या पायाशी वजने. उंचीसाठी लाकडी लेव्हल. दार खरेच उघडले पाहिजे आणि नटाने रागाने आपटले तर भिंत हलता कामा नये. प्रेक्षकांच्या कडेच्या खुर्चीवरूनही विंगेतला माणूस दिसता कामा नये, म्हणून फ्लॅटचा कोन बिघडला तर चालत नाही. फ्लॅटची मापे मात्र लेखक ठरवीत नाही, दिग्दर्शकही ठरवीत नाही. ती ठरवतो टेम्पोचा हौदा. जी भिंत टेम्पोत बसत नाही ती कितीही सुंदर असली तरी दौऱ्यावर जात नाही. नेपथ्यकार म्हणून नाव कमावलेल्या माणसांना हे व्याकरण पाठ असते.

त्याच वेळी लाइटवाला शिडीवर असतो. एक दिवा कोणाच्या चेहऱ्यावर, दुसरा खिडकीबाहेरच्या आभाळावर, तिसरा दुसऱ्या अंकातल्या कंदिलाचा आभास देण्यासाठी. तिकडे ध्वनीवाला माइकची घरघर शोधतो आहे. रंगपटात रंगभूषाकार पंचविशीच्या पोराला साठीचा करतो आहे. कपडेपटवाल्याची इस्त्री तापली आहे. प्रॉपर्टी सांभाळणारा टेबलावर पत्र, चष्मा, पानाचा डबा, पिस्तूल अशी मांडणी करून प्रत्येक वस्तूला हात लावून मोजतो आहे, कारण तिसऱ्या अंकात पत्र सापडले नाही तर नायक कितीही मोठा असो, त्याचा खोळंबा ठरलेला. या सर्वांवर रंगमंच-व्यवस्थापकाचा डोळा. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा त्याच्या हातात. नाटक सुरू झाल्यावर दिग्दर्शकाचे राज्य संपते आणि या माणसाचे सुरू होते, हे बाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते.

म्हणजे सुतार, रंगारी, वायरमन, शिंपी, न्हावी, हमाल आणि मुकादम यांचे हे काम आहे. फरक एवढाच की कारखान्यात चूक झाली तर माल बाजूला काढता येतो. येथे आठशे माणसांच्या देखत ती घडते.

आता थोडे मागे जाऊ, कारण आजची अडचण कोठून आली ते मागे गेल्याशिवाय कळणार नाही. सांगलीस १८४३ साली 'सीतास्वयंवर' करणारे विष्णुदास भावे नाटककार म्हणून सर्वांना माहीत आहेत. ते लाकडी बाहुल्या घडवणारे कारागीरही होते, हे कमी सांगितले जाते. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' झाले आणि संगीत नाटक मंडळ्यांचा काळ सुरू झाला. या मंडळ्या म्हणजे फिरते बिऱ्हाड. नट, गवई, साजिंदे, पडदे ओढणारे, कपडे सांभाळणारे, आचारी, सर्वांचे जेवण एका पंगतीत व पगार महिन्याचा. मंडळी वर्षभर फिरे आणि माणूस वर्षभर कामावर असे. त्या मंडळ्यांत सर्व आलबेल होते असे आम्ही म्हणणार नाही. पगार थकत, मालक-भागीदारांची भांडणे होत, मंडळ्या फुटत. पण पडदे ओढणारा मंडळीचा माणूस होता. आजारी पडला तर त्याला वाटेत सोडून पुढच्या मुक्कामाला जाणे अवघड होते.

दिवे त्या काळात मशालींपासून तेलाच्या दिव्यांवर, तेथून गॅसबत्तीवर आणि मग विजेवर आले. पडदे मात्र बराच काळ रंगवलेलेच होते. राजवाड्याचा एक, रस्त्याचा एक, जंगलाचा एक. हे पडदे रंगवण्याच्या कामातून केवढी माणसे तयार झाली ते पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरचे आनंदराव व बाबूराव हे मेस्त्री बंधू कारागिराच्या घरातले. बाबूराव चित्रशाळेत गेले नाहीत. पाहून आणि करून शिकले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले आणि तेच आडनाव झाले. त्यांनी पुढे कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' चित्रपट केला. त्यांच्या हाताखाली ब्रश धुणारे दोन तरुण, दामले आणि फत्तेलाल, पुढे प्रभात फिल्म कंपनीचे भागीदार झाले. त्या दोघांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. प्रभातच्या पुण्यातल्या त्याच जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. कलेतली कारकीर्द म्हणजे काय असे कोणी विचारले तर आम्ही हे उदाहरण देतो. रंगाचा डबा, मग पडदा, मग कॅमेरा, अशी एकेक पायरी. आणि प्रत्येक पायरीवर हाताला काम होते.

दुसरे नाव पु. श्री. काळे यांचे. केशवराव भोसल्यांनी १९०८ साली स्थापन केलेल्या ललितकलादर्श मंडळीचे ते चित्रकार व नेपथ्यकार. १९२१ साली केशवराव गेले, बापूराव पेंढारकरांनी धुरा घेतली आणि १९२२ साली मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' आले. त्या नाटकासाठी काळ्यांनी लोंबत्या पडद्याऐवजी तीन भिंतींची खरी खोली उभी केली. तोवर प्रेक्षक रंगवलेली खिडकी पाहत होता, आता उघडणारी खिडकी पाहू लागला. त्याच वरेरकरांचे 'सोन्याचा कळस' १९३२ साली याच मंडळीने केले; ते गिरणी कामगारांचे नाटक. गिरणीच्या माणसाचे घर रंगमंचावर दाखवायचे तर राजवाड्याचा पडदा कामाचा नव्हता. विषय बदलला की सुताराचे काम बदलते, एवढे यावरून दिसते. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'ने हे खरेपणाचे वळण आणखी पक्के केले.

पण १९३२ सालीच 'अयोध्येचा राजा' बोलू लागला होता. बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे एकेक करून मोडली. पडदेवाले, सुतार, रंगारी यांतले हुशार लोक स्टुडिओत गेले; उरलेले गावी परतले. पुढे नाटक पुन्हा उभे राहिले. १९६२ साली 'तो मी नव्हेच'साठी फिरता रंगमंच आला, १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उघडले, गावोगाव नाट्यगृहे झाली. दामू केंकरे, रघुवीर तळाशिलकर आणि नंतरच्या पिढीत प्रदीप मुळ्ये अशी नेपथ्यकारांची नावे जाहिरातीत छापून येऊ लागली. परंतु बिऱ्हाड गेले ते परत आले नाही. महिन्याच्या पगाराच्या जागी 'नाइट' आली.

नाइट हा शब्द ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका प्रयोगाचे जे पैसे ठरतात ती नाइट. प्रयोग दुपारी झाला तरी नाइटच. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर नाही. नटाची नाइट मोठी, पडद्यामागच्याची लहान. आम्हां कारखान्यातल्या लोकांना हे नवीन नाही. याला आम्ही रोजंदारी म्हणतो. फरक असा की रोजंदारीवरच्या माणसाला आपण रोजंदारीवर आहोत हे माहीत असते. नाटकातल्या पोराला मात्र आपण कलाकार आहोत असे सांगितलेले असते, आणि कलाकाराने पैशाचे विचारू नये असेही.

पैशाचा हिशेब मांडू. समजा, एका प्रयोगाचे हजार रुपये मिळतात आणि महिन्यात बारा प्रयोग लागतात. बारा हजार झाले. दौऱ्यावर चहा-जेवण निर्मात्याचे असले तरी रात्री अकरानंतर बालगंधर्वहून मांजरीला येण्याची रिक्षा कोणाची, हे ठरलेले नसते. पावसाळ्यात प्रयोग निम्म्यावर येतात. तेव्हा नुसत्या नाटकावर संसार चालेल असे आम्ही कोणत्याही आईबापांना सांगणार नाही. पण ज्यांचा संसार या धंद्यावर नीट चालला आहे अशी माणसे आम्ही पाहिली आहेत आणि त्या सर्वांनी एकच गोष्ट केलेली आढळली. त्यांनी नाटक सोडले नाही, पण वर्षाचे बारा महिने भरून काढले.

द्राक्षबागाईतदाराला एप्रिलची छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी ठाऊक असते, तसे या धंद्याचे पंचांग पाठ असावे लागते. आषाढ-श्रावणात नाट्यगृह थंड असते. तेव्हा पुण्यात गणपतीचे देखावे उभारण्याचे काम जोरात असते. हलता देखावा म्हणजे नेपथ्य, प्रकाश, ध्वनी आणि यंत्र यांची एकत्र परीक्षाच. ज्याने देखाव्यातल्या गरुडाचे पंख मोटारीवर हलवले त्याला रंगमंचावर काही अशक्य वाटत नाही. मग नवरात्र. दिवाळीत नाटकाचे प्रयोग वाढतात. त्यानंतर राज्य नाट्य स्पर्धेच्या फेऱ्या. या स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके असतात, म्हणून नवख्याचे नाव येथे छापले जाते. डिसेंबर-जानेवारीत शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलने. त्यांना लाइटवाले पुरत नाहीत. चैत्रात गावोगावच्या जत्रा. नारायणगावला राहुट्या टाकून बसणारे तमाशाचे मोठे फड म्हणजे चालती नाट्यगृहे आहेत. ट्रक, रंगमंच, जनित्र, कनात, शंभराच्या घरातली माणसे. रोज नव्या गावी उभारायचे आणि पहाटे उतरवायचे. नाट्यगृहात दीड तास पुरत नाही म्हणून कुरकुरणाऱ्याने एक हंगाम फडाबरोबर काढावा. वैशाखात लग्ने, कंपन्यांचे समारंभ, ऑर्केस्ट्रा. त्यात कला नाही असे नाक मुरडणारे भेटतात. आमच्या मते दिवा लग्नात लावला काय किंवा 'घाशीराम'ला लावला काय, वायर तीच आणि धक्काही तोच.

तिकडे पूर्व विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे तिचे केंद्र. तेथे दिवाळीपासून होळीपर्यंत रात्रभराची नाटके चालतात आणि तेवढ्या चार-पाच महिन्यांवर पुष्कळ कुटुंबे वर्ष काढतात. नाट्यगृह नाही, तरी तिकीट काढून गाव लोटते. धंदा म्हणून रंगभूमी कशी चालते हे पाहायचे असेल तर पुण्याच्या लोकांनी तेथे जावे.

आता शिक्षणाचे. हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो आणि आमचे उत्तर बऱ्याच जणांना रुचत नाही. दहावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला पडद्यामागचे काम करायचे असेल तर आम्ही प्रथम आयटीआयचा दरवाजा दाखवतो. इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सुताराचा एक वर्षाचा, शिवणकामाचा एक वर्षाचा. हातात प्रमाणपत्र, शिवाय नाटक नसेल तेव्हा पोट भरण्याचे साधन. त्या काळात संध्याकाळी एखाद्या हौशी संस्थेत जावे, १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका पाहाव्यात, कोणत्या तरी जाणत्या लाइटवाल्याचे बोचके उचलावे. त्यानंतर पुढचे शिक्षण. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, दिल्लीची राष्ट्रीय नाट्य विद्यालय ही संस्था १९५९ पासून आहे, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कलादिग्दर्शन व ध्वनी शिकवतात. आपल्या शेजारी, मांजरीहून पुढच्या स्टेशनावर लोणीला, राजबागेतल्या खाजगी विद्यापीठातही नाटक-चित्रपटाचे शिक्षण मिळते. फी मात्र आधी विचारावी. या संस्थांमधून मिळते ते मोठे आहे. नाटक वाचायला शिकवतात, चित्र पाहायला शिकवतात, आराखडा काढायला शिकवतात. पण ज्याने कधी खिळा ठोकलेला नाही तो आराखडा काढतो तेव्हा सुतार हसतात, हेही आम्ही पाहिले आहे.

विजेविषयी थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते, कारण जीव येथेच जातो. हजार वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर सुमारे साडेचार अँपियर प्रवाह घेतो. सोळा अँपियरच्या प्लगवर असे तीन दिवे बसतात. चौथा लावला तर लगेच काही होत नाही. म्हणूनच तो लावला जातो. वायर आतल्या आत तापते, वेष्टन मऊ होते, आणि वर कापडी झालर लोंबत असते. जुन्या काळी हौशी मंडळी मिठाच्या पाण्याचा डिमर करीत. मातीच्या नळकांड्यात खारे पाणी, त्यात धातूच्या दोन पट्ट्या. एक पट्टी खाली सोडली की प्रवाहाची वाट आखूड होते आणि दिवा उजळतो, वर ओढली की मंदावतो. युक्ती नामी, पण उघड्या पाण्यातून वीज खेळवणारी. आता एलईडी दिवे आले, एका दिव्याला शंभर-दोनशे वॅट पुरतात, रंग बदलायला रंगीत कागद लागत नाही, सर्व काही संगणकावरून चालते. त्यामुळे हिशेब करावा लागत नाही असे नव्या पोरांना वाटते. त्यांनी दिव्यांच्या संख्येवर नजर टाकावी. दिवे स्वस्त झाले तसे चौपट लागू लागले आहेत. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ सालापासूनचे, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. लाकूड, कापड, रंग आणि वीज हे चार जिन्नस एका छपराखाली असतात, एवढे विसरू नये.

मात्र वीज म्हणजे नुसता धोका नव्हे. कलकत्त्याचे प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाते आणि मजूर बुडतात, हे केवळ दिव्यांच्या जोरावर दाखवले. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता. खाणीतल्या मजुरांच्या मरणाबद्दल आम्ही पुष्कळ पत्रके काढली असतील, पण ती पाहून कोणी खुर्चीत पाय वर घेतल्याचे ऐकिवात नाही. आणि पुण्याच्याच 'घाशीराम कोतवाल'ने १९७२ साली सर्व नेपथ्य काढून टाकले आणि माणसांच्या रांगेचीच भिंत केली, पडदाही तीच. त्यावरून काही विद्वानांनी सुताराचे दिवस संपले असे लिहिले. तसे काही झाले नाही. भिंत माणसांची असली तरी तिच्यावर पडणारा प्रकाश कोणी तरी बेतावा लागतोच.

मुलींविषयी वेगळे बोलले पाहिजे. प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगमंच-व्यवस्थापन यांत आता मुली येत आहेत आणि चांगले काम करीत आहेत. त्यांना शिडी चढता येत नाही असे म्हणणाऱ्याने आपल्या मांजरीतल्या बागांत मांडवावर काम करणाऱ्या बाया पाहाव्यात. अडचण शिडीची नसून रात्री साडेबाराला घरी पोचण्याची, दौऱ्यावर वेगळ्या खोलीची आणि रंगपटात दाराला कडी असण्याची आहे. या तिन्ही गोष्टी पैशाने सुटणाऱ्या आहेत. नाट्यगृहाची देखभाल महानगरपालिकेकडे आहे, मांजरी बुद्रुकही २०२१ पासून त्याच महानगरपालिकेत आहे; तेव्हा कडीसाठी कोणाकडे अर्ज करायचा हे शोधावे लागणार नाही.

आता आमच्या मूळ धंद्याकडे येतो. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या प्रेक्षकांवर ती उघडण्याची परवानगी मिळाली. ५ नोव्हेंबर, म्हणजे मराठी रंगभूमी दिनच होता. पुढच्या वर्षी पुन्हा कुलूप लागले ते २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. नाइटवर जगणाऱ्या माणसाला त्या काळात नाइट नव्हती. कोणी भाजी विकली, कोणी रिक्षा चालवली. नाट्यसंस्थांनी आणि कलावंतांनी शिधा वाटला; ते चांगलेच केले. पण या लोकांची नीट यादीच कोणाकडे नव्हती. शिधा ओळखीवर मिळाला आणि ज्याची ओळख नव्हती तो राहिला. सिनेमाच्या कामगारांसाठी १९८१ साली स्वतंत्र कायदा झाला. त्यात सिनेमागृहातल्या कामगाराचाही भविष्यनिर्वाह निधी आला. आता त्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. नाटकाच्या पडद्यामागच्या माणसासाठी तसा स्वतंत्र कायदा झालेला नाही. मुंबईच्या रंगमंच कामगारांनी आपला संघ बांधला आहे. बाकीच्यांनी निदान असंघटित कामगार म्हणून ई-श्रमची नोंदणी करावी. वय सोळा ते एकोणसाठ, आधार आणि बँकेचे खाते एवढे लागते. त्याने सर्व प्रश्न सुटतात असे नाही, पण पुढच्या वेळी यादीत नाव असते.

नोंदीचे महत्त्व कळावे म्हणून एक हकीकत सांगतो. गाव, नाट्यगृह, ठेकेदार यांची नावे सांगण्याचे कारण नाही. एका समारंभात आमच्या ओळखीचा बावीस वर्षांचा लाइटवाला पंधरा फुटी शिडीवर होता. शिडी धरणाऱ्याला कोणी तरी खुर्च्या उचलायला बोलावले. मुलगा खाली आला तो मनगट मोडूनच. ठेकेदाराने पहिल्या दिवसाचे दवाखान्याचे पैसे दिले आणि चौथ्या दिवशी सांगितले की हा आमचा माणूस नाही, हौसेने आला होता. पुन्हा तोच शब्द. तीन महिने हात गळ्यात, गणपतीचा हंगाम गेला. आम्ही त्याच्या बाजूने बोलायला बसलो तेव्हा कागद एकही नव्हता. होती ती त्याची वही. आईने किराण्याच्या हिशेबासाठी आणलेली, आणि त्यात हा मुलगा दोन वर्षे प्रत्येक कामाची तारीख, ठिकाण, कोणी बोलावले, किती वाजता आला, किती वाजता सुटला आणि किती मिळाले हे लिहीत आलेला. त्या ठेकेदाराकडची एकेचाळीस कामे वहीत निघाली. एकेचाळीस वेळा हौस येत नाही, एवढेच आम्ही म्हणालो. मोबाइलवरचे निरोप वहीतल्या तारखांशी जुळले. प्रकरण न्यायालयात गेले नाही. उपचाराचा सगळा खर्च आणि तीन महिन्यांच्या सरासरी कमाईइतकी रक्कम तडजोडीने मिळाली.

ती वही आम्ही नंतर पुष्कळांना दाखवली आणि त्यावरून एक चिठ्ठीचा नमुना तयार केला. काम घेण्यापूर्वी ती दोघांनी सही करून ठेवायची. त्यात पाच गोष्टी आहेत. नाइट किती आणि ती किती दिवसांत मिळणार. प्रयोग चोवीस तास आधी रद्द झाला तर किती मिळणार. रात्री अकरानंतर सुटल्यास घरी जाण्याचा खर्च कोणाचा. शिडीवर काम असेल तर खाली धरणारा माणूस कोण. आणि अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. मोठे निर्माते ती पाहून हसतात, पण सही करतात. लहान ठेकेदार जास्त कुरकुरतात. चौथ्या कलमावर मात्र अजून कोणी हरकत घेतलेली नाही. चिठ्ठीच्या प्रती येथे दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरात असे मूल असेल त्यांनी जाताना दोन न्याव्यात, एक मुलासाठी आणि एक त्याला कामाला बोलावणाऱ्यासाठी.